जकातीच्या गावातला राजपुत्र

‘हॅम्लेट’च्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या आवृत्त्यांत एल्सिनोर या शब्दावर बहुधा एका ओळीची टीप असते: डेन्मार्कमधील एक गाव, आजचे हेल्सिंगोर. टीपकाराचे काम तेवढ्यावर संपते आणि अध्यापकाचेही. पुढे भूत आहे, सूड आहे, स्वगते आहेत. ठिकाणावर परीक्षेत प्रश्न येत नाही. आम्ही पदवीच्या वर्गांना हे नाटक बरीच वर्षे शिकवत आलो. स्वगतांवरच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा या एका ओळीच्या टिपेने आम्हांला अधिक दूर नेले, असे म्हटले तर वाचकांना ती अतिशयोक्ती वाटेल. थोडी आहेही. तरी तिच्या मागे एक साधा प्रश्न आहे आणि तो विचारण्याजोगा आहे. हे नाटक हेल्सिंगोरलाच का घडते?

मूळ कथेत ते तिथे घडत नाही. सॅक्सो ग्रामॅटिकस या डॅनिश इतिहासकाराने इ. स. १२०० च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहून ठेवलेला आम्लेथ हा जटलंडचा. वेडाचे सोंग घेणारा, काकाचा सूड उगवणारा हा राजपुत्र पुढे बेलफोरे नावाच्या लेखकाच्या फ्रेंच कथासंग्रहात शिरला. जटलंड म्हणजे डेन्मार्कचा पश्चिमेकडचा द्वीपकल्प. हेल्सिंगोर आहे झीलंड बेटाच्या ईशान्य टोकाला, मध्ये समुद्र. शेक्सपिअरने कथा घेतली आणि तिचे बिऱ्हाड हलवले. त्याला राजवाडा हवा होता, तर राजधानी कोपनहेगन होतीच. पण त्याने निवडले ते राजधानीपासून चाळीसेक किलोमीटर उत्तरेला असलेले एक बंदराचे गाव.

समीक्षक या निवडीचे कारण वातावरणात शोधतात. धुके, थंडी, तटबंदी, उत्तर रात्र. आमचे मत निराळे आहे. हेल्सिंगोर लंडनच्या प्रेक्षकाला ठाऊक होते ते तिथल्या जकातीमुळे. १६०० च्या आसपास ग्लोब नाट्यगृहात उभा राहून नाटक पाहणाऱ्या खलाशाला किंवा कापडव्यापाऱ्याच्या कारकुनाला डेन्मार्कमधले एकच गाव सांग म्हटले असते, तर त्याने हेच नाव घेतले असते. कारण बाल्टिक समुद्राकडे जाणाऱ्या प्रत्येक इंग्रज जहाजाला तिथे थांबावे लागे, नांगर टाकावा लागे आणि पैसे मोजावे लागत.

नकाशा समोर असेल तर हे चटकन उमगते. बाल्टिक समुद्रातून उत्तर समुद्राकडे जायला डॅनिश बेटांमधून तीनच वाटा आहेत. त्यांतली सर्वांत सोयीची आणि वापरातली वाट म्हणजे ओरेसुंदची सामुद्रधुनी, आणि ती सर्वांत अरुंद होते ती हेल्सिंगोरपाशी. तिथे समोरचा किनारा जेमतेम चार किलोमीटरवर आहे. आज तो किनारा स्वीडनचा असला तरी १६५८ पर्यंत तोही डेन्मार्कच्याच ताब्यात होता. म्हणजे दाराच्या दोन्ही चौकटी एकाच मालकाच्या. पोमेरेनियाचा एरिक हा राजा मोठा धूर्त. त्याने १४२० च्या दशकात या चिंचोळ्या जागी क्रोगेन नावाचा कोट बांधला, १४२६ मध्ये गावाला बाजारपेठेचे हक्क दिले, आणि १४२९ च्या सुमारास ये-जा करणाऱ्या परकीय जहाजांवर कर बसवला. हा कर १८५७ पर्यंत चालला. सव्वाचारशे वर्षे चाललेला असा नाका जगात क्वचितच सापडेल.

या वाटेवरून काय जात नव्हते? पूर्वेकडून लाकूड, डांबर, ताग, जवस, राय, लोखंड, तांबे. पश्चिमेकडून मीठ, हेरिंग मासळी, दारू, कापड. ॲम्स्टरडॅमचा पाव बाल्टिकच्या धान्यावर भाजला जाई आणि इंग्लंडच्या आरमाराच्या डोलकाठ्या बाल्टिकच्या जंगलांतून येत. ज्याला जहाज बांधायचे असेल त्याला हेल्सिंगोरवरून जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. सुरुवातीला कर जहाजामागे होता. १५६७ मध्ये पेडर ओक्से या मुत्सद्द्याच्या पुढाकाराने तो मालाच्या वजनावर आकारला जाऊ लागला आणि उत्पन्न झपाट्याने वाढले. शिवाय हे उत्पन्न थेट राजाच्या हातात पडे. सरदारांच्या परिषदेपुढे हात न पसरता राजा लढाई करू शके, वाडा बांधू शके. दुसऱ्या फ्रेडरिकने १५७४ पासून दहा-अकरा वर्षांत जुन्या कोटाच्या जागी क्रोनबोर्गचा भव्य किल्ला उभारला, तो याच पैशावर. ज्याला आपण हॅम्लेटचा वाडा म्हणतो तो खरे म्हणजे जकातीचा वाडा आहे. शेक्सपिअर वीस वर्षांचा झाला तेव्हा त्याचे बांधकाम संपत आले होते. प्राचीन, काळोखा, भुताखेतांचा म्हणून जो रंगवला जातो, तो नाटक लिहिले गेले तेव्हा कोरा करकरीत होता.

जकातीच्या वसुलीची एक तऱ्हा आम्हांला विशेष आवडते. मालाची किंमत तांडेलाने स्वतःच सांगायची. कर त्या किमतीच्या शेकडा एक-दोन टक्के. मग कोणीही किंमत कमीच सांगणार, नाही का? त्यावर डॅनिश राजाने एक उपाय योजला होता. सांगितलेल्या किमतीला तो माल विकत घेण्याचा हक्क त्याने राखून ठेवला होता. किंमत कमी सांगावी तर राजा तेवढ्याच पैशांत माल उचलून नेण्याची धास्ती; जास्त सांगावी तर कर जास्त. झडती घेणारे शिपाई नकोत, हेर नकोत. माणसाच्या लोभाला त्याच्याच भीतीचा पहारा. अर्थशास्त्राचे आमचे एक स्नेही या युक्तीचे कौतुक करताना थकत नाहीत. आम्हांला मात्र ती ऐकताना नाटकच आठवते. ‘हॅम्लेट’मधले प्रत्येक पात्र या नाक्यावर आपला माल खोट्या नावाने जाहीर करते. राजा शोक जाहीर करतो, पोलोनिअस वात्सल्य जाहीर करतो, रोझेनक्रँट्झ आणि गिल्डनस्टर्न मैत्री जाहीर करतात, आणि राजपुत्र वेड जाहीर करतो. मग एकेकाला त्या सांगितलेल्या किमतीलाच विकत घेतले जाते. मैत्री जाहीर करणारे दोघे मित्राचे म्हणून दिलेले पत्र घेऊन इंग्लंडला जातात आणि मरतात. शेक्सपिअरला हा नियम ठाऊक होता असा आमचा दावा नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एकमेकींवर उजेड पाडतात, इतकेच.

त्याला हे गाव ठाऊक कसे झाले, याचा एक दुवा मात्र कागदोपत्री आहे. १५८५ मध्ये हेल्सिंगोरच्या नगरपालिकेच्या हिशेबात एक फळ्यांचे कुंपण दुरुस्त केल्याचा खर्च पडला आहे. सभागृहाच्या आवारात इंग्रजांनी खेळ केला तेव्हा लोकांनी गर्दीत ते मोडले. रंगभूमीच्या इतिहासात समीक्षेचे ढीग आहेत, पण प्रेक्षकांच्या उत्साहाचा इतका नेमका पुरावा विरळाच. किती फळ्या मोडल्या यावरून नाटक किती रंगले ते समजावे! पुढच्याच वर्षी, १५८६ मध्ये, विल केम्प, जॉर्ज ब्रायन, टॉमस पोप हे इंग्रज नट डॅनिश दरबाराच्या चाकरीत होते. हे तिघेही पुढे लॉर्ड चेंबरलेनच्या मंडळीत, म्हणजे शेक्सपिअरच्याच नाटक कंपनीत दिसतात. केम्प हा तर तिचा गाजलेला विनोदी नट. कंपनीच्या प्रवासात, तालमीनंतर, दारूच्या गुत्त्यात त्यांनी तिथल्या तोफांच्या, मेजवान्यांच्या, वाऱ्याची वाट पाहत पडून राहिलेल्या जहाजांच्या गोष्टी सांगितल्या असतील, हे अनुमान आहे. पण ज्याने चार दिवस नटमंडळींत काढले आहेत त्याला ते फारसे धाडसी वाटणार नाही.

आणखी एक धागा पाण्यावरच सापडतो. सामुद्रधुनीत हेल्सिंगोरच्या दक्षिणेला व्हेन नावाचे छोटे बेट आहे. टायको ब्राही या ज्योतिर्विदाची वेधशाळा तिथे १५७६ ते १५९७ अशी दोन दशके होती. त्याच्या छापील चित्राभोवती त्याच्या पूर्वजांच्या घराण्यांची चिन्हे आहेत आणि त्यांत रोझेनक्रान्स व गुल्डनस्टेर्न ही दोन नावे आहेत. डॅनिश सरदारांत ती नावे सर्रास होती, त्यामुळे यावरून मोठा महाल बांधू नये. तरी जकात, नट आणि ताऱ्यांचा अभ्यासक ही तिन्ही एकाच अरुंद पाण्यावर एकाच काळात नांदत होती, हे ध्यानात ठेवलेले बरे.

हे सारे मनात ठेवून नाटक पुन्हा वाचले की ते बंदराचे नाटक आहे हे दिसू लागते. पहिल्याच प्रवेशात पहारेकरी विचारतात, तोफा का ओतल्या जात आहेत, जहाजे बांधणाऱ्या सुतारांना रविवारचीही सुटी का नाही? दुसऱ्या प्रवेशात नव्या राजाचा दरबार भरतो. तिथे होते काय? वकील नॉर्वेला रवाना होतात. लेअर्टीस पॅरिसला परत जायची परवानगी मागतो; त्याला मिळते. हॅम्लेट विटेनबर्गच्या विद्यापीठात परत जाऊ इच्छितो. त्याला मिळत नाही. क्लॉडियस राजा असेल, खुनी असेल, पण रंगभूमीवर पहिल्यांदा तो दिसतो तो नाक्यावरचा अंमलदार म्हणून: याला जाऊ द्या, याला अडवा. पुढे सगळे जग या गावातून येते-जाते. नट येतात, फॉर्टिनब्रासची फौज पोलंडकडे जाते, चाच्यांचे जहाज येते, इंग्लंडचे वकील येतात. अडकून पडतो तो एकटा राजपुत्र. त्याला जहाजावर चढवले जाते तेही मारण्यासाठी. ज्या गावाचा व्यवसायच दुसऱ्यांना थांबवणे हा होता, त्या गावात आपल्या देशाला तुरुंग म्हणणारा नायक ठेवणे ही निवड आम्हांला धुक्याच्या सोयीपेक्षा पुष्कळ अर्थपूर्ण वाटते.

इथे मराठी वाचकाला एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. ‘हॅम्लेट’चे मराठी रूप ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. गोपाळ गणेश आगरकरांनी त्या भाषांतरावर काम केले ते डोंगरीच्या तुरुंगात. कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांना आणि टिळकांना १८८२ मध्ये शिक्षा झाली होती, आणि त्या एकशे एक दिवसांची हकीकत त्यांनी स्वतंत्रपणे लिहिली आहे. डोंगरीपासून मुंबईचे बंदर हाकेच्या अंतरावर. हॅम्लेट मराठीत चंद्रसेन झाला आणि गणपतराव जोशांनी तो असा वठवला की तो पाहिलेल्या पिढ्या त्याच्या आठवणी सांगत राहिल्या. देशी पोशाखात राजपुत्र शोभून दिसला. जकातीचे गाव मात्र आमच्यापर्यंत पोचले ते इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या तळटिपेतून, त्या एका ओळीच्या रूपाने.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात आम्हांला ते गाव पाहण्याचा योग आला. कोपनहेगनहून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी रेल्वे पाऊण तासात तिथे पोचते. जाताना उजवीकडे पाणी आणि पाण्यापलीकडे स्वीडन सतत दिसत राहते, आणि ते दोन्ही हळूहळू जवळ येत जातात. हेल्सिंगोरचे स्थानक १८९१ चे, एखाद्या नगरभवनासारखे थाटाचे, आणि थेट धक्क्याला लागून. उतरल्यावर पहिल्यांदा जाणवले ते हे की भूमी सपाट आहे. होरेशिओ राजपुत्राला बजावतो की भूत तुला समुद्रावर झुकलेल्या भयंकर कड्यावर नेईल. तिथे कडा नाही. क्रोनबोर्ग पाण्याच्या पातळीवर, जिभेसारख्या पुढे आलेल्या सखल जमिनीवर बसला आहे. तोफेच्या गोळ्याला पाण्यालगत सरळ जाता यावे यासाठी ही जागा उत्तम, भुतासाठी गैरसोयीची. केम्पने आपल्या मित्राला तोफा सांगितल्या, चढण सांगितली नाही.

तोफांचेही गंमतशीर आहे. त्यांचा धाक गोळ्यांपेक्षा मोठा होता. १८०१ च्या मार्चअखेरीस इंग्रजांचे आरमार कोपनहेगनवर चालून निघाले. त्यात नेल्सन होता. क्रोनबोर्गने मारा सुरू केला, तेव्हा जहाजे स्वीडनच्या किनाऱ्याकडे सरकून सुखरूप निघून गेली, कारण तिकडून कोणी गोळी झाडली नाही. दाराची एक चौकट १६५८ मध्ये दुसऱ्याच्या मालकीची झाली होती, त्याचा हा परिणाम. त्यानंतरही अर्धशतकाहून अधिक काळ जहाजे थांबतच राहिली, ती तोफेच्या भीतीने नव्हे तर तहनाम्याच्या.

किल्ल्याच्या तटावर उभे राहून आम्ही एक हिशेब मनाशी केला. कोपनहेगनहून हिंदुस्थानाकडे निघणारे प्रत्येक डॅनिश जहाज याच तटाखालून गेले असले पाहिजे. १६१८ मध्ये ओवे ग्येडेच्या नेतृत्वाखाली निघालेला पहिला काफिलाही. त्यातूनच १६२० मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावर तरंगमबाडीला डान्सबोर्ग किल्ला उभा राहिला. ती जमीन तंजावरच्या नायकांची. पुढे तंजावर मराठ्यांकडे आले आणि डॅनिश लोक भोसल्यांच्या राज्याचे शेजारी झाले. सरफोजीराजांचे गुरू श्वार्ट्झ हे १७५० मध्ये तरंगमबाडीच्याच मिशनमध्ये दाखल झाले होते. सरस्वती महालाची ग्रंथसंपदा पाहून भारावणाऱ्या अभ्यासकाने त्या ग्रंथप्रेमाचा एक बारीकसा ओहोळ या थंड पाण्याकडे जातो हेही टिपून ठेवावे. १८४५ मध्ये डॅनिशांनी ती वसाहत इंग्रजांना विकली. बारा वर्षांनी त्यांना जकातही सोडावी लागली.

ती सोडवली अमेरिकेने. आम्ही कोणाला का म्हणून पैसे द्यावेत, समुद्र काय राजाच्या बापाचा आहे काय, असा साधारण त्यांचा पवित्रा होता. १८५५ मध्ये त्यांनी नोटीस दिली. दोन वर्षांनी कोपनहेगनच्या तहाने युरोपातल्या दर्यावर्दी राष्ट्रांनी एकरकमी भरपाई देऊन हा कर कायमचा बंद केला. रक्कम होती सुमारे ३ कोटी ३५ लाख रिग्सडालर. डेन्मार्कच्या राजाच्या दृष्टीने सौदा वाईट नव्हता. पण गावाचे काय? जहाजे थांबत म्हणून तिथे शिधा विकणारे होते, दोरखंडवाले होते, दुभाषे, वकिलातीचे कारकून, दारूची दुकाने, डच आणि स्कॉटिश घराणी होती. १ एप्रिल १८५७ पासून जहाजे शिडे भरून सरळ निघून जाऊ लागली. शंभर वर्षे ज्यांच्या घरात अडवलेल्या माणसांवर चूल पेटली त्यांनी खिडकीतून ती जाताना पाहिली असतील. गावाची ती दोन-तीन दशके कशी गेली असतील याची कल्पना करणे महामार्गाने बगल दिलेली गावे पाहिलेल्यांना अवघड नाही.

गावाला पुन्हा चाक लावले ते वाहतुकीनेच, आता दिशा बदलून. आधी सगळे उत्तर-दक्षिण होते, पाण्याच्या लांबीने. आता पूर्व-पश्चिम, पाण्याच्या रुंदीने. १८६४ मध्ये रेल्वे आली. १८८२ मध्ये जहाजबांधणीचा कारखाना निघाला. १८९२ पासून रेल्वेचे डबेच्या डबे जहाजावर चढवून पलीकडे हेल्सिंगबोर्गला नेणारी आगबोट सुरू झाली. १८९७ मध्ये किनाऱ्याची रेल्वे झाली. कोपनहेगनहून स्टॉकहोमला किंवा ओस्लोला जाणारा प्रवासी शंभरहून अधिक वर्षे आपल्या डब्यात बसूनच हे पाणी ओलांडत असे. अडवण्यावर जगलेले गाव पोचवण्यावर जगू लागले.

या बदललेल्या दिशेची खरी कसोटी ऑक्टोबर १९४३ मध्ये लागली. जर्मनांनी डेन्मार्क १९४० च्या एप्रिलमध्ये व्यापले होते. १९४३ च्या ऑक्टोबरच्या पहिल्याच रात्री देशातल्या ज्यूंना उचलण्याची मोहीम निघाली. बातमी आधी फुटली. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे सात हजार ज्यू कोळ्यांच्या मचव्यांतून, होड्यांतून, मिळेल त्या साधनाने ओरेसुंद ओलांडून तटस्थ स्वीडनला पोचले. हेल्सिंगोरला या कामासाठी एक गट झाला, त्याचे नाव ठेवले ‘हेल्सिंगोर शिवण मंडळ’. नावाला शोभेल असे त्यात कोणी नव्हते. एक पोलिस होता, एक वार्ताहर होता, आणि एर्लिंग केअर नावाचा पुस्तकबांधणीचे काम करणारा कारागीर होता. त्यांनी शेकडो माणसे पलीकडे नेली. केअर पुढे पकडला गेला, पण जगला. शेजारच्या स्नेकरस्टेनला हेन्री ख्रिश्चन थॉमसेन नावाचा खाणावळवाला होता. त्याच्या खाणावळीत पळून जाणारी माणसे आसरा घेत. त्याला अटक झाली आणि १९४४ मध्ये नॉयएनगामच्या छळछावणीत त्याचा मृत्यू झाला.

चार किलोमीटर. हॅम्लेटच्या तटावरून पलीकडची घरे मोजता येतात. ज्या पाण्यावर चारशे वर्षे काय नेतोस, कुठून आलास, नाव काय, किंमत काय, हे विचारले गेले, त्या पाण्यावर ते आठवडे कोणी काही विचारले नाही आणि कोणी काही लिहिले नाही. जकातीच्या वह्या मात्र शाबूत आहेत. सर्वांत जुनी १४९७ ची, आणि १५७४ पासून जवळजवळ अखंड. कोपनहेगनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या आहेत. अठरा लाखांच्या आसपास नोंदी: तारीख, तांडेलाचे नाव, त्याचे गाव, माल, कर. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाने आणि लेउवार्डनच्या ट्रेसोर या संस्थेने त्या संगणकावर आणल्या, आणि आता कोणीही घरबसल्या त्यांत शोधू शकतो. आम्ही आमच्या एका विद्यार्थिनीला हे सुचवले. तिने दोन रात्री जागून १५८० च्या दशकातली इंग्रज जहाजे धुंडाळली आणि हिरमुसली होऊन सांगितले की केम्प सापडत नाही. सापडणार नाहीच. वह्यांत तांडेल असतो, माल असतो. उतारूंची नावे नसतात. ज्याच्यावर कर नाही त्याची नोंद नाही. नटांवर कर नव्हता.

जहाजांचा कारखाना १९८३ मध्ये बंद पडला. त्याच्या जुन्या कोरड्या गोदीभोवती, जमिनीच्या पातळीखाली, डेन्मार्कचे सागरी संग्रहालय २०१३ मध्ये उघडले. किल्ल्याकडे जाणारी दृष्टी अडू नये म्हणून ते खाली बांधले आहे. गोदीच्या तळाशी उभे राहिले की जिथे जहाज असायचे तिथे मोकळे आकाश दिसते. आम्हांला ती इमारत किल्ल्याहून अधिक भावली, हे साहित्याच्या अध्यापकाने सांगणे शोभते की नाही कोण जाणे. किल्ल्यात उन्हाळ्यात ‘हॅम्लेट’चे प्रयोग होतात. परंपरा १८१६ ची. तेव्हा शिबंदीतल्या शिपायांनी नाटक केले होते. १९३७ मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए आणि व्हिव्हियन ली आले होते. पहिल्याच रात्री पाऊस कोसळला आणि प्रयोग जवळच्या हॉटेलातल्या दिवाणखान्यात, खुर्च्या हलवून, घाईघाईने करावा लागला. तिथल्या हवेने वातावरणनिर्मितीची आपली कामगिरी एवढीच बजावली.

मग १ जुलै २००० रोजी कोपनहेगन आणि माल्मो यांना जोडणारा ओरेसुंदचा मोठा पूल खुला झाला. त्याच वर्षी डबे वाहून नेणारी आगबोट बंद झाली. स्टॉकहोमचा प्रवासी आता हेल्सिंगोरला येतच नाही; रुळ धक्क्यापाशी येऊन संपतात. दुसऱ्यांदा जगाने गावाला बगल दिली. आगबोटी मात्र चालू आहेत. मोटारी, मालट्रक आणि पायी उतारू घेऊन त्या दिवसभर थोड्याथोड्या वेळाने सुटतात आणि वीस मिनिटांत पोचतात. त्यांतल्या एकीचे नाव ‘टायको ब्राही’ आणि एकीचे ‘हॅम्लेट’. ‘टायको ब्राही’ आणि तिची एक जोडीदार आगबोट आता विजेच्या बॅटरीवर चालतात. सामुद्रधुनीखालून बोगदा खणण्याची चर्चा होते, अहवाल होतात. बोगदा झालेला नाही.

आम्ही पायी उतारू म्हणून चढलो. पलीकडच्या हेल्सिंगबोर्गच्या लोकांत एक जुनी रीत आहे, तिला त्यांच्या बोलीत क्रियापदच आहे. आगबोटीत बसायचे, जेवायचे, गप्पा मारायच्या, हेल्सिंगोरला उतरायचे नाही, परत यायचे, वाटल्यास पुन्हा जायचे. कुठेही न जाण्यासाठी केलेला प्रवास. आमच्या शेजारच्या टेबलावर दोन वृद्ध बायका कोळंबीचा ढीग रचलेला पाव खात बसल्या होत्या. डॅनिश धक्का आला, मोटारी उतरल्या, नव्या चढल्या, बायका जागच्या हलल्या नाहीत. आम्ही त्यांना विचारले, तुम्ही नेहमी येता का? एकीने सांगितले की महिन्यातून एकदा तरी, पण मध्ये दीड वर्ष कंटाळा आला होता, कारण ओळखपत्र दाखवावे लागे.

ते खरे आहे. निर्वासितांचा लोंढा आल्यावर जानेवारी २०१६ मध्ये स्वीडनने डेन्मार्कहून येणाऱ्या प्रत्येकाचे ओळखपत्र तपासण्याची सक्ती वाहतूक कंपन्यांवर केली, आणि ती २०१७ च्या मेपर्यंत टिकली. या आगबोटीवरही ती होती. नाव काय, कुठून आलात. बाई हे सांगताना हसत होत्या. ओळखपत्र घरी विसरल्यामुळे एकदा त्यांना डेन्मार्कच्या धक्क्यावरच थांबावे लागले, आणि मुलगा कागद घेऊन पलीकडून येईपर्यंत त्या तीन तास हेल्सिंगोरच्या स्थानकात बसून होत्या. आम्ही विचारले, मग त्या वेळात किल्ला तरी पाहिलात की नाही? त्या म्हणाल्या, किल्ला आमच्या खिडकीतून रोज दिसतो.